नऊ सायकली आणि एक सही

"नाही म्हणजे नाही! ते खांब उपटले, की तुझी सायकल माळ्यावर. यावर चर्चा नको," आई म्हणाली, खिशाला पेन अडकवलं आणि हॉस्पिटलला निघूनही गेली.

ठिणगी दारात उभीच राहिली. चटकन पेट घेते म्हणून घरातल्यांनी तिचं नाव ठिणगी ठेवलं होतं. पण आज तिच्यावर कुणी तरी बादलीभर पाणी ओतलं होतं.

"अपील करता येईल," पायरीवर बसलेला वकील म्हणाला. हा तिचा मामेभाऊ. तेरा वर्षांचा, सुट्टीत राहायला आलेला. 'जेवायला ये' म्हटलं तरी तो आधी दोन मुद्दे मांडायचा, म्हणून वकील.

"आईपुढे अपील? ती अपघातांच्या वॉर्डात नर्स आहे रे! रोज नवीन मोडकं हाड बघून घरी येते. सायकल मिळाली तीच एका अटीवर, मोठ्या रस्त्याला चाकसुद्धा लावायचं नाही. फक्त मागची गल्ली!"

"आणि आता गल्लीत मोटारी येणार," ठिणगीचा सहा वर्षांचा भाऊ म्हणाला. तो गोल होता, शांत होता आणि कुठेही ठेवला तरी तिथेच राहायचा. त्याला सगळे बटाटा म्हणत.

बटाट्याचं बरोबर होतं. नदीच्या पुलापासून चौकापर्यंत ट्रक, टँकर आणि बसगाड्यांनी भरलेला मोठा रस्ता होता. त्याच्या पाठीमागून, घरांच्या परसदारांना खेटून, वळणं घेत गल्ली जायची. गल्लीच्या दोन्ही तोंडांशी लोखंडी खांब रोवले होते. त्यांच्या मधून सायकल सुळकन आत जाई, मोटारीला मात्र नाकही घालता येत नसे. आणि आज खांबावर एक कागद चिकटला होता : 'मुख्य रस्त्यावरील गर्दी कमी करण्यासाठी ही गल्ली सोमवारी सकाळी दहापासून सर्व वाहनांसाठी खुली करण्यात येईल. मोजणीनुसार या भागात दिवसभरात फक्त नऊ सायकली धावतात. करिता सायकलस्वारांची गैरसोय संभवत नाही.'

"तुला ती गल्ली कशाला लागते पण?" वकिलाने विचारलं. "मोठ्या रस्त्याने गुपचूप..."

"शॉर्टकट आहे म्हणून!" ठिणगी घाईघाईने म्हणाली आणि उगाचच चप्पल शोधू लागली.

खरं कारण तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. एकदा, एकदाच, ती आईची नजर चुकवून मोठ्या रस्त्याला गेली होती. मागून टँकरने असा काही भोंगा वाजवला, की तिचे पाय पेडलवर लटपटले. त्या दिवसापासून आईने परवानगी दिली असती तरी ती तिकडे फिरकली नसती. पण हे वकिलाला सांगायचं? जन्मभर चिडवेल तो!

"चला, सायकलमावशींकडे जाऊ," ती म्हणाली.

सायकलमावशींचं दुरुस्तीचं दुकान गल्लीच्या बरोबर मध्यावर होतं. भिंतीला टायरांच्या माळा, दारात पाण्याचं घमेलं आणि त्यात बुडबुडे सोडणारी ट्यूब.

"नऊ सायकली म्हणे!" मावशी ट्यूबवर कानस घासत कडाडल्या. "कालच्या दिवसात मी चौदा पंक्चरं काढली, पोरांनो! नऊ सायकलींना चौदा पंक्चरं? काय खिळ्यांच्या गादीवर झोपतात काय त्या?"

वकील ताडकन उठून उभा राहिला. त्याचे डोळे चमकले. "मुद्दा क्रमांक एक! आकडा चुकतोय! ठिणगे, यात काही तरी गौडबंगाल आहे!"

"पण गल्लीत कुणी नसतंच रे," ठिणगी पुटपुटली. तिची शाळा भल्या सकाळची. त्या वेळी गल्लीत ती, दोन मांजरं आणि एक पेंगुळलेली कोंबडी, एवढीच रहदारी असायची. "मीच काय ती एकटी जाते."

"मग बाकीच्या सायकली जातात कुठे? आपण शोधून काढायचं!"

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळी आठला ठिणगी पुलावर जाऊन बसली. वकील मोठ्या रस्त्याच्या मध्यावर मोजणीकाकांशेजारी उभा राहिला. हे काका रस्ते-विभागाचे. मोठी छत्री, छोटं स्टूल आणि हातात एक यंत्र. सायकल गेली की बटण दाबायचं, आकडा पुढे सरकायचा. पण बटणावरचं बोट आखडून गेलं होतं. काका मांडीवर शब्दकोडं घेऊन बसले होते.

"काका, कंटाळा येत नाही?"

"येतो ना! काल तर एक सायकल आली तेव्हा मी उठून नमस्कारच केला!"

नऊ वाजता तिघं पुलाजवळ, गल्लीच्या तोंडाशी भेटले.

"पुलावरून एकशे अठरा!" ठिणगी धापा टाकत म्हणाली.

"माझ्यासमोरून एक! पाववाला. त्याची गिऱ्हाइकंच त्या रस्त्यावर आहेत, बिचारा जाणार कुठे? तोही जीव मुठीत धरून चालला होता. मग एकशे सतरा सायकली गिळल्या कुणी?"

"टँकरने?" बटाट्याने डोळे विस्फारून विचारलं.

तेवढ्यात पुलावरून पोस्टमनकाका आले. पिवळी पिशवी, खाकी टोपी. मोठा रस्ता समोर दिसताच त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि सर्रकन खांबांमधून गल्लीत दिसेनासे झाले! त्यांच्यामागून दूधवाला. त्यामागून एक पियानो शिकवणाऱ्या बाई. मग शिंपी, मग चार कॉलेजवाले, मग पाठीला शिडी बांधलेला रंगारी...

"अरेच्चा!" ठिणगी जागच्या जागी उडालीच. "सगळे माझ्याच गल्लीत!"

"आणि मोजणीकाका बसलेत तिकडे! नदीवर बसून उंट मोजतायत!" वकील ओरडला. "चल, पुरावा गोळा करू!"

दहा मिनिटांत बटाट्याची नेमणूक झाली. मावशींच्या दुकानाच्या भिंतीखाली त्याला खडू देऊन बसवलं. एक सायकल गेली, की भिंतीवर एक रेघ. पाच रेघांचा एक जुडगा. बटाटा हललाच नाही. एक कॉलेजवाला गंमत म्हणून तीन चकरा मारून गेला, तेव्हा बटाट्याने शेवटच्या दोन रेघा थुंकी लावून पुसून टाकल्या आणि त्याला बजावलं, "लबाडी नाही चालणार!"

वकील वही घेऊन वाटेत आडवा उभा राहिला. "एकच प्रश्न! तुम्ही या गल्लीने का जाता?"

"सावली असते," दूधवाला म्हणाला. त्याच्या डोक्यावर ऊन तळपत होतं.

"इथे हवा छान आहे," पियानोबाई म्हणाल्या. शेजारच्या गोठ्यातून म्हैस हंबरली.

"शॉर्टकट!" शिंपी म्हणाला. "शॉर्टकट!" रंगारीही म्हणाला. "शॉर्टकट आहे ना, बाळा!" पोस्टमनकाका म्हणाले आणि टोपी सारखी करून पसार झाले.

वकिलाने कपाळाला आठी घातली. "मुद्दा क्रमांक दोन. खरंच शॉर्टकट आहे का?"

मावशींनी ठिणगीच्या पुढच्या चाकाला लाल चिंधी बांधली. मग ठिणगी आणि वकील दोघांनी सायकल हातात धरून फूटपाथवरून मोठा रस्ता मापला आणि नंतर गल्ली. चिंधी वर आली की एक. मोठा रस्ता भरला चारशे दोन फेऱ्या. गल्ली भरली पाचशे एकोणीस!

"लांबकट आहे हा!" वकील आनंदाने नाचायला लागला. "सगळे खोटं बोलतायत! सगळे! तूसुद्धा!"

ठिणगीचे कान लाल झाले. पण तिला उत्तर द्यावं लागलं नाही, कारण तेवढ्यात व्यायामशाळेचे मास्तर आले. दंड असे, की सायकल त्यांच्याखाली खेळण्यातली वाटायची. एका हाताने ते भरलेलं पिंप उचलायचे.

"मास्तर, तुम्ही गल्लीने का जाता? शॉर्टकट म्हणू नका, आम्ही मापलाय!"

मास्तरांनी मिशीवरून हात फिरवला. मागे बघितलं, पुढे बघितलं. मग खाली वाकून अगदी हळू म्हणाले, "कुणाला सांगणार नाही ना? भीती वाटते रे. वजन उचलताना समोर दिसतं, किती आहे ते. टँकर मागून येतो. मागून येणाऱ्याशी कुस्ती कशी खेळायची?"

मास्तर वळणापलीकडे गेले. मग ठिणगीने नाक ओढलं. "मलापण वाटते. म्हणूनच मी गल्लीने जाते. आता चिडव हवं तेवढं."

"कशाला चिडवू?" वकील वहीत बघत म्हणाला. "मी तर अजून पुलाच्या पलीकडेही सायकल नेलेली नाही. लिहून घेऊ का? साक्षीदार क्रमांक एकतीस, ठिणगी. क्रमांक बत्तीस, मी."

संध्याकाळी पाच वाजता भिंतीवर चारशे अकरा रेघा झाल्या होत्या. बटाटा नखशिखान्त खडूने माखला होता. इतक्यात वळणावरून आणखी एक सायकल आली. मागे घडी केलेली छत्री, हँडलला लटकवलेलं स्टूल...

"मोजणीकाका!" तिघंही एकदम किंचाळले. "तुम्हीसुद्धा?"

काकांनी ब्रेक दाबला, आणि पिशवीतला मोजणीचा फॉर्म काढून चटकन तोंडापुढे धरला. जणू त्यामागे अख्खे काका मावणार होते!

"चारशे बारा," बटाट्याने शांतपणे रेघ ओढली.

"अरे बाबांनो, मला घरी दोन मुली आहेत," काका फॉर्मच्या आडून म्हणाले. "त्या रस्त्याने सायकल हाणायला मी काय वेडा आहे?"

"मग साहेबांना सांगितलं का नाही?"

"सांगितलं! ते म्हणतात, नकाशात गल्ली रस्ता म्हणून नाहीच. तिथे लिहिलंय 'घरांमागील मोकळी जागा'. मोकळ्या जागेत मोजणी कशी करणार? त्यांनी काचेच्या केबिनमधूनच नकाशावर बोट ठेवलं, इथे बस. बसलो!"

वकिलाचं लक्ष मात्र फॉर्मच्या मागच्या बाजूकडे गेलं होतं. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत काही तरी छापलं होतं. तो वाचू लागला. वाचता वाचता त्याचं तोंड उघडं पडलं. मग हळूहळू त्या तोंडावर असं हसू पसरलं, की ठिणगीला पाहूनच गुदगुल्या झाल्या.

"काय आहे? सांग ना! सांग ना रे!"

"सोमवारी," वकील म्हणाला. "कोर्टातच सांगेन!"

सोमवारी पावणेदहाला चौकात ही गर्दी! कामगार पहारी घेऊन खांबांपाशी उभे. सायकलमावशी हातात पंप घेऊन, जणू तलवारच. मास्तर, पोस्टमन, पियानोबाई. आणि सगळ्यांत मागे, ओठ घट्ट मिटलेली आई. तिची सुट्टी होती. माळा तिने कालच झाडून ठेवला होता.

जीप आली. साहेब उतरले. कडक इस्त्री, चकचकीत बूट, गळ्यात टाय.

"ही कसली जत्रा?"

"साहेब, या गल्लीतून दिवसाला चारशे बारा सायकली जातात!" ठिणगी पुढे झाली. "आम्ही मोजल्यात! खांब काढलेत तर त्या सगळ्यांना जायला वाट राहणार नाही. मलासुद्धा!"

"खडूच्या रेघा!" साहेब हसले. "बाळ, आमच्याकडे अधिकृत मोजणी आहे. मोठा रस्ता रुंद आहे, सरळ आहे. सायकलवाल्यांना तिथे काय वाघ खातो? चला रे, घाला पहार!"

कामगाराने पहार उचलली.

"एक मिनिट, साहेब!" वकिलाने अत्यंत नम्रपणे हात जोडले. "तुम्ही त्या रस्त्यावर सायकल चालवलीत, तेव्हा कसं वाटलं, एवढंच सांगा."

"मी? मी कधी चालवली?"

"असं कसं? इथे लिहिलंय." वकिलाने मोजणीकाकांकडून फॉर्म घेतला, उलटा केला आणि घसा साफ करून खणखणीत आवाजात वाचलं, "'नियम सात. मोजणीची जागा ठरवण्यापूर्वी अधिकाऱ्याने त्या मार्गावर स्वतः सायकल चालवून पाहावी. तशी चालवून पाहिली आहे.' आणि खाली सही. तुमचीच ना ही?"

साहेबांनी फॉर्म घेतला. चष्मा लावला. चष्मा काढला. पुसला. परत लावला. सही काही हलली नाही.

"ते... फॉर्म पुष्कळ असतात," ते म्हणाले. "न वाचता... म्हणजे, वाचूनच..."

"काही हरकत नाही, साहेब! अजून दहा वाजायचेत. आता चालवा! म्हणजे सही खरी होईल. तुम्हाला थोडीच भीती वाटते?"

"भीती? मला? कॉलेजात असताना मी दोन्ही हात सोडून चालवायचो!"

"हात सोडायचे नाहीत," मागून आईचा आवाज आला. गर्दी दुभंगली. तिने मावशींच्या दुकानातलं हेल्मेट आणून साहेबांच्या डोक्यावर ठेवलं आणि पट्टा हनुवटीखाली खाटकन बसवला. "माझ्या वॉर्डात कॉट रिकामी नाहीये."

जीपमधून साहेब आणि मावशींची एक सायकल पुलापर्यंत गेली. तिथून साहेब एकटे मोठ्या रस्त्याने चौकात येणार, असं ठरलं. मोजणीकाका मधल्या स्टुलावर सज्ज होऊन बसले. बटाटा आपल्या भिंतीपाशी गेला; सवयच लागली होती त्याला.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. मोठ्या रस्त्यावरून ट्रक गेले, बसगाड्या गेल्या, टँकर तर भोंगा वाजवत एकामागून एक गेले. साहेब नाहीत. रिकामी जीप तेवढी येऊन थांबली.

"साहेब कुठायत?" ड्रायव्हरने विचारलं. "मला म्हणाले, पुढे हो!"

मोजणीकाका धावतच आले. छत्री उलटी झालेली. "माझ्यासमोरून कुणी गेलं नाही! एकही नाही!"

आईचा चेहरा उतरला. खांब राहावेत एवढंच ठिणगीला हवं होतं. त्यासाठी साहेबांना काही झालं तर? ती पुलाकडे पळायला वळली, आणि...

ट्रिंग ट्रिंग!

घंटी मोठ्या रस्त्यावरून आली नव्हती. गल्लीतून आली होती. टाय खांद्यावरून मागे उडालेला, एका बुटाची लेस सुटलेली, हेल्मेट कानावर कललेलं, अशा थाटात साहेब वळणावरून बाहेर पडले, खांबांच्या मधून अल्लद सरकले आणि थांबले. त्यांच्यामागून बटाटा खडू उंचावून धावत येत होता.

"ताई! चारशे तेरा! साहेब चारशे तेरा!"

चौकात जो हशा उसळला, त्याने विजेच्या तारेवरचे कावळे उडाले.

"हसू नका," साहेब धापा टाकत म्हणाले. "मी... मी गल्लीची पाहणी करत होतो."

आईने त्यांचं मनगट धरलं आणि घड्याळात बघितलं. "एकशे चौतीस," ती म्हणाली. "पाहणी करताना छाती एवढी धडधडत नाही, साहेब. बसा. आधी पाणी प्या."

साहेब फूटपाथच्या कडेला बसले. पाणी प्यायले. चकचकीत बुटांवर धूळ बसली होती, ती पुसायचं त्यांना सुचलं नाही.

"मी सरळच चाललो होतो," ते म्हणाले. "शप्पथ. मग तो मागून आला. नुसता भोंगा ऐकला. ठरवलं वगैरे काही नाही हो... डोळे उघडले तर समोर मावशींचं दुकान होतं!"

कुणीच हसलं नाही आता. मास्तरांनी जवळ जाऊन साहेबांच्या पाठीवर हलकेच थोपटलं. पण ते मास्तरांचं 'हलकेच'! साहेब जरा पुढे कलंडले.

"काका, फॉर्म आणा," साहेब म्हणाले. जुनी सही त्यांनी आडवी रेघ मारून खोडली. कोऱ्या फॉर्मवर 'मोजणीची जागा' या रकान्यात लिहिलं, 'मागची गल्ली'. कामगारांना पहारी जीपमध्ये ठेवायला सांगितल्या. शेवटचा रकाना होता, 'अन्य मार्ग निवडल्याचे कारण'. तिथे पेन थबकलं.

"शॉर्टकट लिहा," पोस्टमनकाकांनी हळूच सुचवलं.

"नको," साहेब म्हणाले. आणि स्वच्छ, मोठ्या अक्षरांत त्यांनी लिहिलं : 'भीती वाटली.'

खाली सही केली. या वेळी आधी वाचून!

मग टाळ्या आधी कुणी सुरू केल्या माहीत नाही, पण थांबवायला कुणीच तयार नव्हतं. मावशींनी बटाट्याला खांद्यावर घेतलं, साहेबांनी वकिलाशी हस्तांदोलन केलं आणि विचारलं, "मोठेपणी काय होणार तू?" त्यावर वकील म्हणाला, "यात दोन मुद्दे आहेत."

आईने तो फॉर्म दोनदा वाचला. "मलापण तिकडे अशीच भीती वाटते," ठिणगी हळूच म्हणाली. आईने तिला जवळ ओढलं. "वॉर्डात मी सगळ्यांना विचारते, का रे गेलास त्या रस्त्याने? सगळे म्हणतात, घाबरतो की काय मी! तू घाबरलीस आणि वाट बदललीस. शहाणी माझी पोर ती." आणि मग तिने आवाज चढवला, "पण एकदा गेली होतीस ना गं मोठ्या रस्त्याला?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. आत्ता तुझ्या चेहऱ्यानं!"

ठिणगी सायकल घेऊन सुसाट पळाली. तिच्यामागून साहेबही मावशींची सायकल घेऊन निघाले. ऑफिसला परतायला त्यांना आता जीप नको होती. ड्रायव्हर खांबांपाशी जीप आणून भोंगा वाजवत राहिला.

"साहेब! अहो साहेब! मी कुठून येऊ?"

"मोठ्या रस्त्याने या!" वळणापलीकडून साहेबांचा आवाज आला. "तो रुंद आहे, सरळ आहे!"